सारखा वाटा

मुक्ताबाईची टोळी आठ बायकांची. घोडेगावच्या रस्त्याला आप्पासाहेबांचं कांद्याचं खळं आहे, पत्र्याच्या लांबलचक शेडचं. तिथं ही टोळी कित्येक वर्षं कांदा निवडायला जायची. मोठा कांदा वेगळा, बारकी गोल्टी वेगळी, कोंब आलेला, जोड, सडका वेगळा. ही काही फार मोठी विद्या नव्हे, असं आप्पासाहेब येताजाता म्हणायचे. आणि एखाद्या दिवशी टोळी आली नाही की तेच आप्पासाहेब सकाळपासून फोनवर फोन करून मुक्ताबाईचा जीव खायचे.

टोळीची एक रीत होती. शेतात खुरपणी असो की कांदा काढणी, प्रत्येक बाईला एक पात मिळते, म्हणजे वावरातला तिच्या वाट्याचा पट्टा. जिची पात आधी बांधाला लागेल तिनं पदरानं वारा घेत सावलीला बसायचं नाही. मागं राहिलेल्या बाईच्या पातीला समोरून हात लावायचा, आणि दोघी वाटेत भेटल्या की पात संपली. खळ्यावरही तेच. आपला ढीग उरकला की शेजारणीच्या ढिगाला बसायचं. शनिवारी आप्पासाहेब एकरकमी पैसे मुक्ताबाईच्या हातात द्यायचे आणि शेडच्या मागं लिंबाखाली त्याचे आठ सारखे वाटे व्हायचे. कुणी किती केलं हा प्रश्न टोळीत विचारायचाच नसतो. नवी एखादी चुकून विचारायची, तर बाकीच्या तिच्याकडं अशा बघायच्या, की जणू हिनं पाहुण्याला भाकरी मोजून वाढली.

ही रीत घातली रंगुबाईनं. टोळीही मूळची तिचीच. मुक्ताबाई नवी नवरी म्हणून गावात आली तेव्हा तिच्या हाताला खुरपं ठाऊक नव्हतं. माहेरी शेतच नव्हतं. ‘ह्या बाईला घेऊन आमचा दिवस वाया घालवू नका’ असं तेव्हाच्या बायका म्हणाल्या होत्या. रंगुबाईनं तिला घेतलं, आणि पहिलं सबंध वर्ष तिची अर्धी पात दुसऱ्याच कुणीतरी काढली. आता रंगुबाईची बोटं वाकडी झाली होती. कांदा नजरेला दिसायचा, पण हात पोचेपर्यंत दुसरा पुढं यायचा. नवरा गेलेला, मुलगा चाकणकडं कुठल्याशा कंपनीत ठेकेदाराकडं, त्याचं त्यालाच पुरत नाही. टोळीतला वाटा म्हणजे तिचं पीठ, तिचा चहा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि गावातून ताठ मानेनं चालणं.

दिवाळीनंतर खळ्यावर यंत्र आलं.

आप्पासाहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले. यंत्र निम्मी शेड व्यापून बसलं. एका टोकाला कांदा ओतला की फिरत्या रुळांवर तो आपोआप मोठा-लहान वेगळा व्हायचा आणि रबरी पट्ट्यावरून पुढं सरकायचा. पट्ट्याच्या कडेला आठ जागा. तिथं बायकांनी उभं राहून खराब कांदा उचलायचा आणि आपल्या समोरच्या नळकांड्यात टाकायचा. प्रत्येक नळकांड्याच्या तोंडावर एक बारका कॅमेरा. कांदा पडला की भिंतीवरच्या पडद्यावर त्या बाईच्या नावापुढचा आकडा एकानं वाढायचा. आकडा बरा असला की हिरवा, कमी पडला की लाल.

“आता तुमचा माझा व्यवहार न्हाई,” आप्पासाहेब पेढ्याचा हात धोतराला पुसत म्हणाले. “मशीनवाल्यांचीच एजन्सी हाय नगरला. मानसं तीच लावनार, पगार तीच देनार. ज्येच्या त्येच्या खात्यावर.”

एजन्सीचा माणूस म्हणजे आदिनाथ. पोरगा शांत, दाढी कोरलेली, नगरला सावेडीत भाड्याच्या फ्लॅटवर राहायचा आणि रोज मोटरसायकलवर यायचा. त्याचा महिन्याचा पगार या टोळीतल्या पाच जणींच्या कमाईएवढा होता असं आप्पासाहेबांनीच कुणाला तरी सांगितलं आणि ते खळंभर झालं. त्यानं बायकांना खुर्च्यांवर बसवून सगळं समजावून सांगितलं. खुर्च्यांवर बसल्यामुळंच त्या निम्म्या घाबरल्या.

“पंधरा दिवस मोजणी होईल, मावशी. जिचा आकडा सरासरीच्या बराच वर, ती कुशल. बाकीच्या मदतनीस. कुशल बाईला मदतनिसाच्या दीडपट रोज.”

“आन लईच खाली असंल ती?” मुक्ताबाईनं विचारलं.

“तिला सिस्टीम पुन्हा बोलवत नाही.”

“सिस्टीम म्हंजी कोन?”

आदिनाथ काहीतरी सांगायला गेला, मग हातातल्या मोबाईलकडं बघत राहिला. त्यालाही ते नीट माहीत नसावं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पूजाचा आकडा सगळ्यांच्या पुढं गेला. पूजा टोळीत सगळ्यात लहान, हात विजेसारखा. तिच्यामागं मालनबाई. मुक्ताबाई मध्ये कुठंतरी. रंगुबाईचा आकडा पूजाच्या निम्माही नव्हता. लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं, पण जन्मभर बाजार केलेल्या बाईला आकडे कळतात. ती पडद्याकडं बघून म्हणाली, “माझाच एकटीचा लाल हाय का गं?”

परतीच्या टेम्पोत मुक्ताबाईनं तोंड उघडलं. “ह्यात नवीन काय हाय? पातीला हात लावतो तसंच करायचं. कॅमेरा काय हात बगत न्हाई, नळकांड्यात पडलेला कांदा मोजतो. रंगुआत्याला मधी घ्यायची. इकडनं म्या टाकते, तिकडनं पूजा टाकंल.”

बायका खूश झाल्या. म्हणजे खरंच खूश झाल्या, उगाच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पट्ट्यावर जे चाललं ते बघण्यासारखं होतं. पूजा चार कांदे आपल्या नळकांड्यात टाकायची की पाचवा रंगुबाईच्या. मालनबाईचा आकडा पुढं गेला की ती शेजारच्या लंकाबाईच्या नळकांड्यात टाकायची. कुणाचा आकडा मागं पडला की एखादी खोकायची, की चार हात तिकडं वळले. तिसऱ्या दिवशी आठही नावं हिरवी. लंकाबाई म्हणाली, “यंत्राला वाटत असंल, एकाच आईच्या आठ पोरी हायेत.” त्या हसण्यानं शेडचा पत्रा वाजला. मुक्ताबाईला तर इतका आनंद झाला होता, की घरी गेल्यावर तिनं विनाकारण गोड शिरा केला. एवढं महागाचं यंत्र आलं, आणि आपण त्याला आपली रीत शिकवली, असं तिला वाटत होतं. बिचारीला काय माहीत, की यंत्र रीत शिकत नाही, फक्त आकडे वर पाठवतं.

मोजणी संपली. आदिनाथनं पुन्हा खुर्च्या मांडल्या.

“मावशी, असं अजून कुठंच झालेलं नाही. तुम्हा आठही जणींचे आकडे जवळपास एकच आलेत.”

“मंग?” मुक्ताबाई ऐटीत म्हणाली. “सगळ्याच कुशल धरा.”

“तसं नसतं. कुशल म्हणजे दुसरीपेक्षा जास्त. इथं कुणीच कुणापेक्षा जास्त नाही. म्हणजे कुशल कुणीच नाही.” पुढचं सांगणं त्याच्या जिवावर आलं होतं. “वरून रिपोर्ट आलाय, की ह्या कामात बाईबाईत फरक पडत नाही. म्हणजे कुणीही आणून उभं केलं तरी चालतं. म्हणून सगळ्यांना मदतनिसाचा रेट. आणि तोही नवीन माणसाचा.”

नवीन माणसाचा रेट म्हणजे टोळीला आजवर मिळायचा त्याहून कमी. आयुष्यभर त्या बायका एकमेकींच्या पातीला हात लावत आल्या, कुणालाही मागं पडू दिलं नाही, आणि त्याचा अर्थ त्या यंत्रवाल्यांनी काय काढला, तर ह्यांच्यात कसबच नाही! चीड येण्यासारखीच गोष्ट होती, पण चीड कुणावर काढायची? आप्पासाहेब आपलं काही नाही म्हणून मोकळे. आदिनाथ खाली मान घालून उभा. रिपोर्ट लिहिणारा कुठं बसतो ते कुणालाच ठाऊक नाही.

सगळ्या उठल्यावर आदिनाथनं मुक्ताबाईला थांबवलं. आवाज खाली घेतला आणि तोंडची शहरी भाषा गळून पडली.

“मावशी, तुमी काय करता ते मला कॅमेऱ्यात दिसतं. म्या वर कळवलं न्हाई. माझी आई अजून ऊस तोडायला जाती, श्रीगोंद्याकडं. मला कळतं सगळं. आनखी एक आठवड्याची मोजनी मागून घेतलीय तुमच्यासाटी. ह्या टायमाला जिनं तिनं आपलं बगा. तीन-चार जनी तरी वर जातील.”

“आन रंगुआत्या?”

“मलाबी अकरा महिन्यांच्याच कराराचा कागद हाय, मावशी,” तो म्हणाला. विचारलं काय होतं आणि त्यानं सांगितलं काय, पण मुक्ताबाईला उत्तर मिळालं.

टेम्पोत मालनबाईनं सुरुवात केली. मालनबाई तोंडाची फटकळ, पण खोटं बोलणारी नव्हे.

“म्या आजवर बोलले न्हाई. उन्हातान्हात हिची पात म्या वढली, कवा तोंड वाकडं केलं का? पर तवा दुसरीला हात लावून माझं काय जात नव्हतं. काम सगळ्यांचं मिळून हुतं, पैका सगळ्यांचा मिळून हुता. आता एक कांदा तिकडं टाकला की माझाच एक कमी हुतो. म्या किती दिवस टाकू?”

हे सगळं रंगुबाईच्या समोर. ती टेम्पोच्या फळीला टेकून बसली होती, खडी लागली की डोकं हलायचं.

“मालन खरं बोलती,” ती म्हणाली.

सगळ्यांनी मुक्ताबाईकडं पाहिलं. टोळी तिच्या नावावर होती, बोलायचं होतं तिनं. ‘आपली रीत हाय, ती मोडायची न्हाई,’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर पूजानं ऐकलं असतं, लंकाबाईनं ऐकलं असतं, मालनबाईनंही चार शिव्या देऊन ऐकलं असतं. पण मुक्ताबाईचा हिशेब मनातल्या मनात होऊन गेला होता. आपला हात काही पूजाचा नाही. स्वतःचे सगळे कांदे स्वतःच्याच नळकांड्यात टाकले तर कदाचित आपण वर जाऊ. दोन टाकले तिकडं, तर नाही.

“बगू उद्या,” ती म्हणाली.

‘बघू’ म्हणजे काय ते टेम्पोतल्या सगळ्या बायकांना समजलं. रंगुबाईलाही समजलं.

दुसऱ्या मोजणीच्या आठवड्यात शेडमध्ये फक्त यंत्राचा आवाज. पट्ट्याच्या तोंडाशी पूजा उभी, ती समोर दिसणारा सगळा सोपा माल उचलून घ्यायची, आणि पुढं येईल ते बाकीच्यांनी वेचायचं. एका सडक्या कांद्यावर मालनबाई आणि लंकाबाई दोघींनी हात टाकला आणि इतकी वर्षं एका डब्यातलं कालवण खाणाऱ्या त्या बायका एकमेकींच्या आयांपर्यंत गेल्या. कोपर आत ओढून, मान खाली घालून सगळ्या उभ्या. मधून मधून मान वर व्हायची ती फक्त पडद्याकडं.

मुक्ताबाईचा आकडा काठावर होता. सकाळी हिरवा, दुपारी कंबर दुखायला लागली की लाल. तिच्या शेजारच्या जागेवर रंगुबाई. तिचं नाव पहिल्या तासालाच लाल व्हायचं ते तसंच राहायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर मुक्ताबाईच्या ध्यानात आलं, की आपला आकडा आपल्या हातापेक्षा जोरात पळतोय. तिनं मान वळवली. रंगुबाईनं पट्ट्यावरचा एक कोंबाचा कांदा वाकड्या बोटांत धरला, स्वतःच्या नळकांड्यावरून हात पुढं नेला आणि तो मुक्ताबाईच्या नळकांड्यात सोडला. मग दुसरा. तिचे मुळातच थोडे, तेवढे सगळे. ती मुक्ताबाईकडं बघतही नव्हती. कुणाची पात मागं पडलेली दिसली की हात लावायचा, एवढंच तिच्या हाताला ठाऊक.

‘आत्या, नगं’ हे शब्द मुक्ताबाईच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. भिंतीवर तिचं नाव हिरवं झालेलं होतं.

आणि नुसती गप्प राहिली असती तरी एक वेळ समजलं असतं. संध्याकाळपर्यंत तिनं आपलं कोपर जरा वर धरलं, म्हातारीचा हात नीट पोचावा म्हणून. उरलेले सगळे दिवस ती तशीच उभी राहिली.

निकाल मोबाईलवर आला. पूजा कुशल, मालनबाई कुशल, मुक्ताबाई थोडक्यात कुशल. चौघी मदतनीस. रंगुबाईला मजकूर आला तो शेजारच्या दिपालीनं वाचून दाखवला: सध्या आपली आवश्यकता नाही, धन्यवाद. आदिनाथ तिच्याकडं गेला नाही, त्याची हिंमत झाली नाही. दोन दिवस तो खळ्यावरही फारसा कुणाशी बोलला नाही, आणि मग नेहमीसारखं बोलायला लागला.

पहिला पगार खात्यावर पडला तशी मुक्ताबाई घोडेगावला जाऊन पैसे काढून आली. रविवारी सकाळी त्यातल्या काही नोटा रुमालात बांधून रंगुबाईच्या दारात गेली. रंगुबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. खडा बोटाला सापडत नव्हता, तरी निवडत होती.

“ये, बस. चा टाकते.”

“चा नगं, आत्या. ह्ये घ्या.”

“काय हाय?”

“तुमचा वाटा.”

रंगुबाईनं रुमालाला हात लावला नाही. “टोळीचा?”

“व्हय, टोळीचा.”

“मंग मालनीनं किती घातलं ह्यात? पूजानं किती?”

खोटं बोलायचं तर निदान नीट जुळवून तरी यायचं, तेवढंही मुक्ताबाईनं केलं नव्हतं.

“तुझ्या एकटीचं हाय,” रंगुबाई म्हणाली. रागानं नाही, जोड कांदा हातात आला की जोड आहे म्हणावं, तशी म्हणाली.

“आत्या, म्या वर गेले ती तुमच्या कांद्यावर. ते कांदं तुमचंच हुतं. तुमाला ठावं हाय, मलाबी ठावं हाय.” मुक्ताबाईला रडू फुटलं. “पाया पडते, घ्या.”

“ते म्या माझ्या टोळीतल्या बाईला दिलं. तू कुनाला देतीस? टोळी कुठं हाय आता?” रंगुबाईनं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं. “वाटा असता तर म्या भांडून घेतला असता, मुक्ता. एक रुपाया कमी असता तर तुज्या दारात येऊन बसले असते. ह्येला वाटा म्हनत न्हाईत.”

मग ती गुडघ्यावर हात देत उठली आणि तिनं चहा टाकला. डब्यात साखर थोडीच होती, ती सगळी मुक्ताबाईच्या कपात घातली. मुक्ताबाईला तो कप संपवावा लागला. रुमाल पुन्हा कमरेला खोचून ती उठली तेव्हा रंगुबाई तांदूळ निवडायला बसली होती, आणि तिनं फक्त “जपून जा” म्हटलं. गल्लीतून घरापर्यंत येताना मुक्ताबाईला वाटत होतं, कुणीतरी विचारावं काय झालं म्हणून. कुणी विचारलं नाही.

सोमवारी टेम्पो आला. मुक्ताबाई चढली, न चढून करणार काय? फळीला टेकून रंगुबाईच्या जागेवर एक नवी बाई बसली होती, शेजारच्या गावची, तिशीच्या आतली, हातात नवा डबा. तिला एजन्सीनं फोनवरूनच ठरवलं होतं. खळ्यात पट्ट्यावर तिची जागा मुक्ताबाईच्या शेजारीच आली. ती कावरीबावरी होऊन यंत्राकडं, पडद्याकडं बघत होती.

“मावशी,” तिनं हळूच विचारलं, “हितं कसं असतंय? म्हंजी रीत काय हाय तुमची?”

पट्टा सुरू झाला होता. पहिले कांदे येत होते. पलीकडं मालनबाईनं एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली.

“आपलं आपुन बगायचं,” मुक्ताबाई म्हणाली. “दुसरीच्या नळकांड्याकडं हात न्यायचा न्हाई.”

नवी बाई मान डोलावून कामाला लागली. तिचा हात चांगला जलद होता.